तळं उजव्या हाताला

त्या जंगलात मी गेले ती एका फोटोमुळे, हे आधीच कबूल करते. विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात एक मुलगी स्नोमोबिलवर, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या मोटारसायकलसारख्या गाडीवर, बसली होती. मागे बर्फानं वाकलेली स्प्रूसची झाडं, मुलीच्या हेल्मेटवर ऊन. खाली लिहिलं होतं की दुसऱ्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला आठ आठवडे प्रत्यक्ष जंगलात काम करायला मिळेल. लंडनच्या इल्फर्ड भागातल्या आमच्या घरात मागच्या खोलीत बसून मी तो फोटो इतक्या वेळा पाहिला की ते पान सुटून हातात आलं. त्या फोटोत पाऊस नव्हता. मला अजून चीड येते ती याचीच.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मी दहा वर्षांची असताना आम्ही साताऱ्याहून आलो. बाबा त्याआधीच लंडनला येऊन तीन वर्षं एका बेकरीची व्हॅन चालवत होते आणि नंतरही चालवतच राहिले. आई शाळेच्या कँटीनमध्ये होती. जंगलं आणि त्यातल्या पायवाटा सांभाळण्याचाही एक अभ्यासक्रम असतो हे मी घरी सांगितलं तेव्हा आई पोळ्या लाटत होती, ती थांबली नाही. बाबा म्हणाले, "बागकाम शिकायला एवढ्या लांब?" पुढे ओळखीच्यांत ते 'एन्व्हायर्नमेंट' असं सांगायला लागले. शब्द मोठा होता, कुणी पुढे विचारत नसे. मला मात्र त्यांनी एकदाच, शांतपणे बजावलं होतं: तीन वर्षांची चार होऊ द्यायची नाहीत. एक वर्ष वाया गेलं तर सामान घेऊन घरी यायचं.

म्हणून त्या आठ आठवड्यांच्या शेवटी मिळणाऱ्या सहीला माझ्या लेखी इतकं महत्त्व होतं. विद्यापीठानं एक फॉर्म दिला होता. जंगलाच्या रेंजरनं त्यावर सही करून 'काम वापरण्याजोगं आहे' या ओळीपुढे खूण करायची. खूण नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा आठ आठवडे, म्हणजेच अख्खं वर्ष पुन्हा. हे मला फोनवर सांगणाऱ्या विद्यापीठातल्या बाईंचा आवाज फार गोड होता.

जंगल स्कॉटलंडच्या उत्तरेला होतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी पोचले, तेव्हा पाऊस पडत होता. दुसऱ्या आठवड्यात पडत होता. तिसऱ्या आठवड्यात जो पडत होता त्याला तिथले लोक पाऊस म्हणत नव्हते, त्यांच्याकडे त्यासाठी वेगळा शब्द होता आणि तो ते कौतुकानं उच्चारत. स्नोमोबिल होती. रेंजरच्या शेडमध्ये हिरव्या ताडपत्रीखाली ती उभी असे. दर सोमवारी रेंजर ताडपत्री काढी, दोरी ओढून इंजिन चालू करी, पाच मिनिटं धूर करी, बंद करी आणि ताडपत्री पुन्हा घाली. वर्षातून फार तर चार-सहा दिवस लागते, असं तो म्हणाला. बाकी वर्षभर तिची सेवा करायची. मी विचारलं, मला कधी बसता येईल का. त्यानं बाहेर पाहिलं, पावसाकडे.

रेंजर पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस होता. कमी बोलणाऱ्या माणसाबरोबर काम करणं किती दमवतं, हे आमच्यासारख्या घरात वाढलेल्यालाच कळेल. आमच्याकडे भाजीत मीठ जास्त झालं तरी त्यावर अर्धा तास चर्चा होते. इथे त्यानं पहिल्या दिवशी माझ्या हातात एक नकाशा दिला, एका तळ्याभोवती पेन्सिलीनं गोल रेघ काढलेला. ही पायवाट जुनी आहे, खुणा कुजल्या आहेत, नव्या लाव. शेडमध्ये खांब आहेत, खोक्यात निळ्या चकत्या आहेत, स्क्रू आहेत, पहार आहे, घण आहे. आणि रोज एकदा चालून बघ. एवढंच. बसला गाडीत आणि गेला. त्या हिवाळ्यात वाऱ्यानं दुसऱ्या बाजूची बरीच झाडं पाडली होती, तो त्यातच अडकलेला असे.

किती अंतरावर खांब लावू, कुठल्या कडेला, चकती किती उंचीवर, हे कोण सांगणार? बरोबरीच्या मुलामुलींना अशा गोष्टी आधीच ठाऊक असायच्या. ते लहानपणापासून आईबापांबरोबर चिखलातून चालत आलेले होते, कुत्र्यांसकट. मी पहिल्यांदा रबरी बूट घातले ते एकोणिसाव्या वर्षी. विचारायची लाज वाटली, म्हणून मी ठरवलं की जपून, विचार करून, मन लावून करायचं.

आणि मी तसं केलं, हे मला आजही सांगावंसं वाटतं. पहारीनं खड्डा करायचा, खांब उभा करायचा, घणानं ठोकायचा, भोवती दगड कोंबायचे, मग वरच्या टोकाशी निळी चकती स्क्रूनं बसवायची. दिवसाला दोन खांब झाले तर पुष्कळ. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. वाटेला पाच फाटे होते. प्रत्येक फाट्याशी थांबून मी विचार करी, इथे पहिल्यांदा आलेल्या माणसाची नजर कुठे जाईल? तिथेच खांब. संध्याकाळी सबंध गोल चालून बघायची. चालताना एकामागून एक निळी चकती समोर येई आणि मला माझंच कौतुक वाटे. शेवटी खोक्यात जवळजवळ निम्म्या चकत्या उरल्या. काटकसर केली म्हणून मी तेही रेंजरला सांगितलं. त्यानं भुवया वर केल्या, पण तेव्हाच त्याचा रेडिओ वाजला.

सातवा आठवडा संपता संपता बर्फ पडला. असा पडला की मी खोली घेऊन राहत होते त्या घरमालकिणीचं दार सकाळी उघडेना. दोन दिवस पडत राहिला आणि मंगळवारी ऊन पडलं, अगदी त्या फोटोतल्यासारखं. त्याच दुपारी गावातून निरोप आला: एक निवृत्त जोडपं कुत्र्याला घेऊन सकाळी तळ्याभोवती चालायला गेलंय, जेवायला परत येणार होतं, आलेलं नाही. गाडी अजून पार्किंगमध्येच आहे.

रेंजरनं ताडपत्री काढली. "बस मागे," तो म्हणाला.

अशी माझी स्नोमोबिलची इच्छा पूर्ण झाली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की आवाजानं दात हलतात, पेट्रोलचा धूर हेल्मेटच्या आत शिरतो आणि मागे बसलेल्याला पुढच्या माणसाच्या जाकिटाशिवाय काही दिसत नाही. मी जाकिटाच्या कडेनं मान काढून पाहत होते. पार्किंगमधून रेंजर उजवीकडे वळला. मी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि ओरडले की वाट डावीकडून सुरू होते. त्यानं मान हलवली आणि उजवीकडेच गेला. इकडून सपाट आहे, गुडघे दुखणारे सगळे इकडूनच जातात, असं काहीतरी तो वाऱ्यात म्हणाला.

तळं आमच्या डाव्या हाताला आलं. मला ते चमत्कारिक वाटलं. सात आठवडे ते माझ्या उजव्या हाताला होतं. आणि मग मला खांब दिसू लागले. दिसू लागले म्हणजे काय, साधी करडी लाकडं. चकती नाही, खूण नाही. पहिला फाटा आला आणि तिथे तर खांबच दिसेना. मागे वळून पाहिलं तेव्हा झाडाआड तो मजेत उभा होता, निळी चकती तिकडे करून, जिकडून मी रोज येत असे.

तिसऱ्या फाट्यावरून लाकडाच्या ट्रकसाठी केलेला रुंद रस्ता फुटतो. बर्फात पावलं तिकडेच गेली होती, दोन माणसांची आणि एका कुत्र्याची. मैलभर आत, कापलेल्या ओंडक्यांच्या ढिगाच्या आडोशाला ते जोडपं बसलं होतं, थर्मासमधला चहा पीत. तासन् तास तिथे थांबले होते, कारण हरवल्यावर एका जागी थांबायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. कुत्र्याला त्यांनी स्वतःचा स्वेटर घातला होता. काकू माझ्याकडे पाहून अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "आम्ही खांब शोधत होतो गं. पण सगळे आमच्याकडे पाठ करून उभे होते."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तो सौम्यपणा मला कित्येक दिवस पुरला.

परतल्यावर रेंजरनं चहा केला. मग कपाटातून फॉर्म काढून टेबलावर ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. या मुलीचं काम वापरण्याजोगं आहे असं मी लिहू शकत नाही, तो म्हणाला. आज तरी नाही. मग म्हणाला, "तुला चालून बघ सांगितलं होतं."

"रोज चालले. एक दिवस चुकवला नाही."

"एकाच बाजूनं?"

खरं उत्तर मला माहीत होतं आणि ते कसं सांगावं ते कळत नव्हतं. आमच्या भागातल्या एका जुन्या हॉलमध्ये दर गुरुवारी आमचे लोक जमत. हॉलच्या मध्यभागी टेबलावर मूर्ती ठेवत आणि आरतीनंतर सगळे तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत, देव उजव्या हाताला ठेवून. बाबांचं बोट धरून मी अकराव्या वर्षापासून फिरलेली. एकदा हॉलवाल्यांनी एका कोपऱ्यात खुर्च्यांची थप्पी रचून वाट अडवली होती. चाळीस माणसं पोट आत घेऊन त्या फटीतून एकेक करून गेली, पण उलट्या बाजूनं फिरावं असं एकाच्याही मनात आलं नाही. मलाही आलं नव्हतं. मधोमध काहीतरी आहे आणि त्याच्याभोवती फिरायचं, असं म्हटलं की माझे पाय डावीकडून निघतात. ते मी ठरवत नाही. तळ्याभोवती दुसऱ्या बाजूनंही कुणी फिरेल, हा विचार सात आठवड्यांत मला एकदाही शिवला नव्हता.

हे मी अडखळत, बरंच उलटसुलट करून त्याला सांगितलं. त्यानं मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "तळ्याला माहीत आहे का हे?" आणि कप धुवायला गेला. मला इतका संताप आला, त्याचा, माझा, त्या तळ्याचा, की रडूसुद्धा येईना.

पण जाता जाता त्यानं मला एक संधी दिली. माझा शेवटचा दिवस शनिवार होता. तोपर्यंत दुरुस्त कर. शनिवारी वाट माहीत नसलेला कुणीतरी माणूस उलट्या बाजूनं चालेल. तू वीस पावलं मागे राहायचं, बोलायचं नाही, हातवारे करायचे नाहीत. तो एकट्याच्या बळावर पार्किंगला पोचला तर सही. या कामासाठी त्यानं गावच्या पोस्टमनबाईंना विचारून ठेवलं. त्या नव्यानंच बदलून आल्या होत्या.

बुधवार ते शुक्रवार मी काय केलं ते आठवलं की अजून खांदे दुखतात. उरलेल्या चकत्या प्रत्येक खांबाच्या दुसऱ्या अंगाला बसवल्या. बधिर बोटांनी स्क्रू पिळायचा, तो बर्फात पडायचा, मग गुडघ्यावर बसून तो शोधायचा. फाट्यांवरचे पाच खांब उपटून दोन्हीकडून दिसतील असे पुन्हा रोवले. जमीन गोठलेली, पहार ठणकन उडून परत येई. शुक्रवारी अंधार पडायच्या आत शेवटचा खांब झाला. शेडमध्ये दोन खांब शिल्लक होते, पण ते उचलायची ताकद माझ्यात नव्हती आणि त्यांची गरजही दिसत नव्हती.

शनिवारी सकाळी पोस्टमनबाईंना ताप आला.

त्या दिवशी बाबा मला न्यायला येणार होते. इल्फर्डहून निघून ते रात्री ग्लासगोला आईच्या मावसभावाकडे राहिले होते आणि अकराच्या सुमारास आमच्या जुन्या गाडीनं पार्किंगमध्ये शिरले. अंगात ऑफिसला घालतात तसा कोट, पायात पॉलिश केलेले बूट. हातात आईनं दिलेला थालीपिठांचा डबा. बर्फाकडे त्यांनी असं पाहिलं जसं कौन्सिलनं वेळेवर कचरा उचलला नाही. रेंजरनं त्यांच्याशी हात मिळवला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. तुझे वडील पूर्वी इथे आलेत का, असं त्यानं मला विचारलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं तो काय म्हणतोय, आणि माझा धीर सुटला.

कारण बाबा पाट्या वाचत नाहीत. बारा-तेरा वर्षं लंडनभर ब्रेड पोचवला तो माणसांना विचारून. पाटी समोर असली तरी ते काच खाली करतात आणि विचारतात. पाटी खोटं बोलू शकते, माणूस तोंडावर बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. या जंगलात विचारायला एकच माणूस होता, वीस पावलं मागे, आणि तिला बोलायची बंदी होती.

मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. वर्ष, फॉर्म, सही, ते जोडपं. त्यांचा चेहरा उतरला. रागावतील असं वाटलं, पण त्यांनी फक्त विचारलं, "आणि मी चुकलो तर?"

"तर वर्ष गेलं."

"असली परीक्षा बापाची घेतात होय?" ते म्हणाले आणि घरमालकिणीच्या नवऱ्याचे रबरी बूट पायात चढवू लागले. बूट दोन नंबर मोठे होते.

सुरुवातीलाच ते अडले. रेंजरनं उजवीकडे हात केला. बाबांनी तळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे डाव्या हाताला ठेवायचं?" मी जमिनीकडे पाहिलं. ते पुटपुटले, तळ्याच्या दिशेनं किंचित हात जोडल्यासारखं केलं, जणू माफी मागितली, आणि निघाले.

पुढचे दोन तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दोन तास आहेत. बाबा सगळी वाट बोलत होते. आईचे गुडघे, मामेबहिणीचं ठरलेलं लग्न, ग्लासगोच्या मामांची कंजूष चहाची पद्धत. आणि प्रत्येक फाट्यावर थांबून, "इकडे ना?" मी ढगांकडे पाहायची. "हं. म्हणजे इकडेच. तुझं नाक लाल झालं." मी तोंडावर मफलर ओढून घेतला. "घरी तर एक मिनिट तोंड मिटत नाही," ते म्हणाले. पण हळूहळू ते चकत्या बघायला लागले. पहिला फाटा बरोबर. दुसरा बरोबर. तिसऱ्यावर, तो रुंद रस्ता जिथे फुटतो तिथे, ते खांबाजवळ गेले, चकतीवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "हे तू लावलंस?" मी मान हलवली नाही. त्यांनी खांब हलवून पाहिला. हलला नाही. "घट्ट आहे," असं स्वतःशीच म्हणून ते अरुंद वाटेला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि पापणीवरच गोठू लागलं, तेही पुसता येईना, कारण हातवारे करायचे नव्हते.

चौथ्या फाट्यावर त्या देशातल्या चांगुलपणानं माझा घात केला. इथल्या लोकांची एक सवय आहे. वाटेत कुणाचा हातमोजा, टोपी पडलेली दिसली की ती उचलून जवळच्या खांबावर नाहीतर कुंपणावर ठेवतात, म्हणजे हरवलेल्याला परत येताना सापडावी. कुणीतरी लहान मुलाची लाल लोकरीची टोपी, गोंड्यासकट, माझ्या खांबाला कानापर्यंत घातली होती. दोन्ही चकत्या आत. खांब एखाद्या गुटगुटीत बाळासारखा उभा होता.

बाबांनी टोपीकडे पाहिलं, हसले आणि चुकीच्या वाटेनं खाली उतरू लागले.

मी ओरडणार होते. नाही ओरडले. पण माझे पाय पुढे गेले नाहीत. मी तिथेच उभी राहिले. बाबा तीस-चाळीस पावलं गेले, आईच्या गुडघ्यांबद्दलचं वाक्य पुरं केलं, मागे वळले आणि मी येत नाही हे त्यांना दिसलं. ते थांबले. परत वर आले, धापा टाकत. माझ्या तोंडाकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं आणि टोपी उचलली.

"झाकून ठेवलंय होय," ते म्हणाले. टोपी त्यांनी शेजारच्या फांदीला अडकवली आणि बरोबर वाटेनं निघाले. तिथून पार्किंग पंधरा मिनिटांवर होतं. पाचवा फाटा त्यांनी न थांबता ओलांडला.

रेंजर गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून उभा होता. त्यानं बाबांना विचारलं, मुलीनं काही सांगितलं का? बाबा आपल्या इंग्रजीत म्हणाले की एक अक्षर नाही, मला वाटलं हिची तब्येत बिघडली. रेंजरनं पेनाचं टोपण काढलं.

हे मी का केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित त्या काकूंचं वाक्य डोक्यात होतं. मी म्हणाले, "चौथ्या फाट्यावर मी थांबले. ते चुकले होते. मी त्यांच्यामागे गेले नाही, म्हणून त्यांना कळलं."

बाबांना इंग्रजी पुरेसं कळत होतं. "दोन तास गप्प होतीस," ते मराठीत म्हणाले, "मग आत्ताच कुठून तोंड फुटलं?"

रेंजरनं टोपण परत लावलं. टोपीचं सगळं ऐकून घेतलं. टोप्या लोक घालणारच, त्याला इलाज नाही, तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "फाट्यानंतरचा दुसरा खांब कुठे आहे?" प्रत्येक फाट्याच्या पुढे, वाट लागल्यावर थोड्या अंतरावर आणखी एक खांब लागतो. पहिला हुकला तर दुसरा न दिसल्यावर माणूस परत फिरतो. आणि फाट्यावर उभं राहून तोच दुसरा दिसला तर चुकतच नाही. बाकीच्या चार फाट्यांवर वाट वळताना माझा पुढचा खांब आपोआप दिसत होता. चौथ्यावर चढामागे लपत होता. हे सगळं त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर? मी त्याला तसं म्हणाले. आठ आठवड्यांत पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले. "खरं आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, तू विचारशील."

मग तो शेडकडे गेला आणि पहार, घण घेऊन आला.

शिल्लक राहिलेल्या दोनांपैकी एक खांब बाबांनी खांद्यावर घेतला, ब्रेडचे ट्रे उचलावेत तसा, सहज. फाट्यापर्यंत आम्ही उलटं चालत गेलो, म्हणजे तळं उजव्या हाताला ठेवून. बाबांच्या ते लक्षात आलं असावं, त्यांची चाल सुधारली. रेंजरनं चुकीच्या वाटेवर आम्हा दोघांना उभं करून बघितलं, मग फाट्यावर, मग चढावर, आणि बुटाच्या टाचेनं बर्फात खूण केली. बाबांनी खांब धरला, मी घण उचलला. "हात सांभाळ, माझे," ते म्हणाले. जमीन तशीच गोठलेली होती. बऱ्याच वेळानं खांब बसला. चकत्या मी दोन लावल्या, दोन्ही अंगांना. बाबांनी फाट्यापर्यंत जाऊन, लाल टोपी खांबावर पुन्हा नीट घालून, नवा खांब दिसतो का ते पाहून तिकडून हात वर केला. दिसत होता.

सही तिथेच झाली, रेंजरच्या गुडघ्यावर फॉर्म ठेवून. खाली शेऱ्याची मोठी जागा होती, दहा ओळींची. त्यानं एकच ओळ लिहिली. गाडीत बसल्यावर हीटर लागेपर्यंत बाबांनी ती मला वाचायला लावली, मग मराठीत सांगायला लावली: खांब दोन्ही बाजूंनी दिसतात.

"एवढंच?"

"एवढंच."

"आठ आठवडे राबलीस आणि एवढंच लिहिलं?" त्यांना खरोखर राग आला होता. थालीपिठांचा डबा उघडून त्यांनी एक मला दिलं, एक स्वतः घेतलं आणि पार्किंगमधून बाहेर पडताना, दक्षिणेकडे जायच्या रस्त्याची ठळक पाटी समोर असताना, काच खाली करून रस्त्यावरच्या माणसाला लंडनची वाट विचारली.